गाडी ‘घुटमळते’ म्हणजे नेमकं काय करते?

अमेरिकेत स्थिरावलेल्या बहुतेक मराठी घरांत एक ‘दुसरी गाडी’ असते. पहिली नवी, हप्त्यांवरची, रोज पार्कवेवरून ऑफिसला जाणारी. दुसरी परत निघालेल्या एखाद्या मित्राकडून किंवा शिक्षण संपवलेल्या विद्यार्थ्याकडून घेतलेली, आणि तिचं वय घरातल्या मुलांपेक्षा जास्त. शाळेची ने-आण, ग्रोसरी, रविवारची मराठी शाळा, ओक ट्री रोडवरची खरेदी हे सगळं तीच ओढते. कौतुक पहिलीचं होतं, दिवस मात्र दुसरीच्या जिवावर चालतो. आमच्याकडची दुसरी म्हणजे २००५ ची टोयोटा कोरोला. चार सिलिंडरचं १.८ लिटरचं इंजिन, ऑटोमॅटिक गिअर आणि ओडोमीटरवर १,६८,००० मैल.

मार्च महिन्यात ती अडखळायला लागली. स्टॉप साइनला थांबायचं, दोन्हीकडे बघायचं, ब्रेकवरून पाय काढून ॲक्सिलरेटर दाबायचा आणि... काहीच नाही. सेकंदभर गाडी जणू ऐकलंच नाही अशी उभी. मग एक हिसका देऊन निघायची. एका सेकंदाचं काय एवढं, असं कुणी म्हणेल. पण आमच्या गल्लीतून रूट २७ वर डावीकडे वळायला सिग्नल नाही, आणि ताशी ४० मैलांनी येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ ६० फूट पुढे येते. मागच्या सीटवर बूस्टरमध्ये मुलगी. मी त्या वळणावर डावीकडे जाणं सोडून दिलं. उजवीकडे वळून, पुढे जाऊन, फेरा मारून शाळेला जायला लागले. तेवढ्यात डॅशबोर्डवर पिवळा ‘चेक इंजिन’चा दिवाही लागला, आणि आमच्या विंडशील्डवरच्या तपासणीच्या स्टिकरची मुदत जूनअखेर संपत होती. न्यू जर्सीत जुन्या गाड्यांची दर दोन वर्षांनी तपासणी होते आणि हा दिवा पेटलेला असेल तर गाडी सरळ नापास होते.

जवळच्या एका गॅरेजमध्ये नेली. त्यांनी दिव्याचा कोड वाचला : पी०१७१. त्याचा अर्थ इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. त्यांनी पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलला, चारही स्पार्क प्लग बदलले, कोड पुसला आणि ४८० डॉलर घेतले. नऊ दिवसांनी दिवा परत लागला. अडखळणं तर मधल्या नऊ दिवसांतही थांबलं नव्हतं. पुन्हा नेली तेव्हा ते म्हणाले की आता कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बघावा लागेल, साधारण १,७०० डॉलर, आणि एवढे पैसे या गाडीत घालण्यात अर्थ नाही. नवरा घरी येऊन म्हणाला, “विकून टाकू.” विकून टाकायला हरकत नव्हती, पण त्या किमतीत दुसरी जी गाडी मिळाली असती ती कुणाच्या तरी घरची अशीच अडखळणारी ‘दुसरी’ असती. आणि मुख्य म्हणजे, हिला झालंय काय, हे अजून कुणीच सांगितलं नव्हतं. भाग बदलले गेले होते. निदान झालेलं नव्हतं.

इथे मला माझ्या जुन्या नोकरीची आठवण झाली. मी मराठी शिकवायचे. ‘मुलाला मराठी येत नाही’ अशी तक्रार घेऊन पालक यायचे तेव्हा त्या वाक्याचा काही उपयोग नसायचा. वाचताना अडतो, की लिहिताना? जोडाक्षराला अडतो, की ओळ बदलताना? गाडीच्या बाबतीतही ‘नीट चालत नाही’ हे वाक्य तितकंच निरुपयोगी आहे. आणि गंमत म्हणजे गाडीच्या तक्रारींसाठी आपल्या भाषेत इंग्रजीइतकेच नेमके शब्द आहेत, आपण ते वापरत नाही इतकंच.

पाय दाबल्यावर गाडी क्षणभर काहीच करत नाही आणि मग निघते, ते *घुटमळणं*. निघते, पण निघताना मध्येच दम तुटल्यासारखी होते, ते *अडखळणं*. एकसारख्या वेगाने जात असताना आपोआप पुढे-मागे ओढल्यासारखी होते, ते *हेलकावणं*. ठरावीक ठेक्यात थडथड करत झटके देते, त्याला आपल्याकडचे मेकॅनिक ‘मिसिंग करते’ म्हणतात. एखादा सिलिंडर पेटतच नसला की असं होतं. आणि चालते सुरळीत, पण चढावर किंवा हायवेच्या रॅम्पवर जोरच धरत नाही, तिला ‘पिकअप नाही’ किंवा ‘उचल घेत नाही’ म्हणायचं. ही पाच वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची कारणंही बरीचशी वेगळी असतात. गॅरेजच्या काउंटरवर आपण या सगळ्यांना ‘इट जर्क्स’ म्हणतो आणि समोरचा त्याच्या सवयीप्रमाणे भाग बदलायला घेतो.

आणखी एक फरक तर स्पीडोमीटरशेजारच्या काट्यावरच दिसतो. ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएमचा काटा झपकन वर जातो, इंजिन ओरडतं, पण गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही, असं असेल तर इंजिन बिचारं काम करतंय, दोष बहुधा गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. काटाच जागचा हलत नसेल किंवा खाली बुडून मग वर येत असेल, तर दोष इंजिनाच्या बाजूला. आमचा काटा आधी किंचित खाली बुडायचा. एवढं एक निरीक्षण हजारो डॉलरचं ट्रान्समिशनचं भय घालवून देतं.

मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात ही रडकथा मी एका काकांना सांगितली. काका मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले. पुण्यात वाहनांच्या कारखान्यात उभी हयात गेलेली, आणि इथे दिवसभर करण्यासारखं काही नसल्याने टेकीला आलेले. आपल्याकडे पाहुणे म्हणून येणाऱ्या आईवडिलांकडे केवढं ज्ञान सोफ्यावर बसून असतं! काकांनी इंजिनाबद्दल काही न बोलता एकच प्रश्न विचारला.

“रिव्हर्समध्येही असंच करते का गं?”

मी कधी बघितलंच नव्हतं. बघायचं कुणी सुचवलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी ड्राइव्हवेत आठ-दहा वेळा मागे घेऊन पाहिली. रिव्हर्समध्ये गाडी लोण्यासारखी निघायची. पुढे जाताना मात्र घुटमळायची. फोनवर हे सांगितल्यावर काका खूश झाले. “उद्या येतो,” म्हणाले, “फक्त चहा टाक.”

काका आले ते वीस-पंचवीस डॉलरचा एक ब्लूटूथ स्कॅनर मुलाच्या कपाटातून काढून घेऊन. अमेरिकेत १९९६ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पेट्रोल कारला स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असावंच लागतं. त्यात हा खोचला आणि फोनवर ॲप उघडलं की इंजिनाचा संगणक काय बघतोय ते आपल्यालाही दिसतं. पार्ट्सच्या बऱ्याच दुकानांत कोड फुकट वाचून देतात, पण कोड म्हणजे नुसता मथळा असतो. खरी बातमी खालच्या आकड्यांत असते.

ते आकडे समजायला थोडं मागे जावं लागेल. बाबांची स्कूटर ज्यांनी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सोपं जाईल. स्कूटर चालेना, की बाबा प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचे, पेट्रोलचा कॉक बघायचे आणि तरी नाही जमलं तर कार्ब्युरेटरमध्ये कचरा आलाय म्हणायचे. ठिणगी, पेट्रोल, हवा. आजच्या गाडीतही हे तीनच आहेत. फरक एवढाच की किती हवेला किती पेट्रोल हे आता कार्ब्युरेटर ठरवत नाही, संगणक ठरवतो. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल लागतं. एअर फिल्टरच्या डब्यापुढेच एक छोटा सेन्सर बसवलेला असतो, मास एअर फ्लो सेन्सर. त्यात एक तापवलेली बारीक तार असते. आत जाणारी हवा तिला किती थंड करते यावरून किती ग्रॅम हवा गेली ते कळतं. संगणक त्या हिशेबाने पेट्रोल सोडतो.

मग धुराच्या वाटेवर, म्हणजे एक्झॉस्टमध्ये, ऑक्सिजन सेन्सर बसलेला असतो. तो जळून उरलेल्या हवेत ऑक्सिजन किती शिल्लक आहे ते सांगतो. जास्त शिल्लक, म्हणजे पेट्रोल कमी पडलं. हा जेवून उठलेल्या पाहुण्यासारखा आहे. आमटीत मीठ कमी होतं हे तो खरंच सांगतो, पण जेवण झाल्यावर. संगणक ते ऐकून पुढच्या वाढपात मीठ वाढवतो. या वाढवण्याला ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात. क्षणाक्षणाला बदलणारा तो शॉर्ट टर्म, सवय होऊन पक्का बसलेला तो लाँग टर्म. निरोगी गाडीत हे आकडे शून्याच्या आसपास घोटाळतात. उणे-अधिक १० टक्क्यांच्या पलीकडे गेले की काहीतरी बिघडलंय असं समजायचं. अधिक म्हणजे संगणकाला जास्तीचं पेट्रोल घालावं लागतंय.

आता गॅरेजने काय केलं ते बघा. पेट्रोल कमी पडतंय हा निरोप ज्याने आणला, तो निरोप्याच त्यांनी बदलला. नवा निरोप्या आला आणि त्याने तोच निरोप दिला. पी०१७१ ला ऑक्सिजन सेन्सर बदलणं हे बऱ्याच गॅरेजमध्ये चालतं, आणि सेन्सर कधीकधी खरंच बिघडलेला असतोही, पण आधी त्याचे आकडे बघायला पाच मिनिटं पुरतात.

काकांनी गाडी उभी ठेवून सुरू केली. लाँग टर्म अधिक ७, शॉर्ट टर्म एक-दोन. वाईट नाही. जागेवरच आरपीएम २,५०० वर नेऊन धरला. फारसा फरक नाही. काका म्हणाले, “म्हणूनच त्यांना काही सापडलं नाही. गाडी उभी असताना ही सोज्ज्वळ असते.” मग मी चालवायला आणि काका शेजारी फोन घेऊन. (हे एकट्याने करू नये. फोनवरचे आकडे बघत गाडी चालवणं हे मूळ दुखण्यापेक्षा धोक्याचं आहे.) मोकळ्या गल्लीत थांबायचं, निघायचं, पुन्हा थांबायचं. निघताना ज्या क्षणी ती घुटमळायची त्याच्या पाठोपाठ शॉर्ट टर्म अधिक २४, २५ वर उडी मारायचा. वेग धरला की खाली यायचा.

घरी आल्यावर काकांनी हुड उघडलं. आपल्याकडे बॉनेट म्हणतात ते. एअर फिल्टरच्या डब्यापासून इंजिनापर्यंत जाणारा हाताच्या मनगटाएवढा जाड, काळा रबरी पाइप असतो, त्याला मध्ये हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्या असतात. वरून बघितलं तर पाइप धडधाकट. काकांनी इंजिन बंद करून, थंड होऊ देऊन, दोन्ही हातांनी तो पाइप वाकवला आणि मला खालच्या बाजूला टॉर्च धरायला सांगितलं. घडीच्या आत, जिथे नजर जात नाही तिथे, बोटभर लांब चीर होती. पाइप सरळ असताना चिरेचे ओठ मिटलेले. वाकवला की उघडे.

सगळी कथा त्या चिरेत होती. आपल्या बहुतेक पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत इंजिन आडवं बसवलेलं असतं आणि ते रबराच्या माउंटिंगवर टेकलेलं असतं. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन चाकांना फिरवताना स्वतःही थोडं उलट झुकतं. पुढच्या गिअरमध्ये एका बाजूला, रिव्हर्समध्ये दुसऱ्या बाजूला. वीस वर्षांत माउंटिंगचं रबर मऊ झालेलं, त्यामुळे हे झुकणं वाढलेलं. पुढे निघताना इंजिन मागे झुकायचं, पाइप ताणला जायचा, चीर उघडायची. त्या चिरेतून आत शिरलेली हवा हवेच्या सेन्सरसमोरून गेलेलीच नाही, कारण सेन्सर पाइपच्या अलीकडे आहे. संगणकाच्या वहीत तिची नोंद नाही. नोंद नाही म्हणून तिच्या वाटणीचं पेट्रोलही नाही. मिश्रण एकदम पातळ, आणि इंजिन क्षणभर गप्प. तोवर ऑक्सिजन सेन्सर ओरडतो, संगणक पेट्रोल वाढवतो, गाडी हिसका देऊन निघते. रिव्हर्समध्ये इंजिन उलट झुकतं, चीर मिटलेलीच राहते, म्हणून गाडी लोण्यासारखी. काकांचा प्रश्न कुठून आला होता ते मला तेव्हा कळलं.

हे वाचून कुणी आपल्या घुटमळणाऱ्या गाडीचा पाइप ताबडतोब मागवू नये. तसं केलं तर त्या गॅरेजमध्ये आणि आपल्यात काय फरक राहिला? याच लक्षणाची निदान पाच-सहा कारणं असू शकतात, आणि ती वेगळी करायला आकड्यांचा कल मदत करतो. मला काकांकडून जे समजलं आणि मग लायब्ररीतल्या रिपेअर मॅन्युअलमध्ये मी जे वाचलं, ते थोडक्यात असं. कुठेतरी कायमचं बारीक भोक असेल, म्हणजे फाटलेली व्हॅक्यूम होज किंवा कडक झालेलं गॅस्केट, तर ट्रिम गाडी उभी असताना सर्वांत वाईट असतो आणि आरपीएम वाढवला की सुधारतो. कारण उघड आहे. इंजिन मंद चालत असताना मुळात हवा थोडी लागते, त्यात भोकातून येणारी चोरटी हवा मोठा हिस्सा होते. वेग वाढला की तोच चोर गर्दीत हरवतो. याच्या उलट, उभी असताना सगळं ठीक आणि हायवेवर, चढावर, जोर लावल्यावर ट्रिम वाढत जातो, असं असेल तर चोरटी हवा नाही. एकतर पेट्रोलच पुरेसं पोचत नाही, म्हणजे पंप थकलाय किंवा फिल्टर चोंदलाय, नाहीतर हवेचा सेन्सर मळून कमी हवा मोजतोय. आमच्या कोरोलासारख्या बऱ्याच गाड्यांत पेट्रोलचा फिल्टर टाकीच्या आत, पंपाबरोबरच असतो. तो पंधरा डॉलरला बदलून देतो असं कुणी म्हणालं तर कुठे आहे ते आधी दाखवायला सांगावं.

हवेचा सेन्सर मळलाय अशी शंका असेल तर तो बदलण्याआधी साफ करून बघता येतो. मात्र फक्त त्याच्यासाठी मिळणाऱ्या क्लीनरच्या स्प्रेने. ब्रेक क्लीनर किंवा कार्ब्युरेटर क्लीनर तिथे चालत नाही, आणि तारेला कापूस, बोट, काहीही लावायचं नाही. तेल लावलेले धुऊन वापरायचे एअर फिल्टर ज्यांनी हौसेने बसवलेत त्यांच्याकडे हा सेन्सर लवकर मळतो. त्या तेलाचा पातळ थर तारेवर बसतो.

पेट्रोल भरून पंपावरून निघताना दर वेळी पहिली दोन मिनिटं गाडी अडखळत असेल आणि एरवी ठीक असेल, तर टाकीतली वाफ इंजिनाकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असण्याची शक्यता मोठी. ही खूण इतकी नेमकी आहे की ती मेकॅनिकला आवर्जून सांगायलाच हवी. आमच्या राज्यात आपण स्वतः पेट्रोल भरतच नाही, काचेतून कार्ड देतो आणि फोन बघत बसतो, त्यामुळे ही संगती लक्षातही येत नाही. पावसाळी, दमट हवेत झटके येत असतील तर इग्निशन कॉइल किंवा प्लगच्या बाजूचं प्रकरण. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या गाड्यांत एक सुंदर युक्ती आहे. समजा कोड पी०३०२ आला, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिसिंग करतोय. दोन आणि तीनच्या कॉइलची अदलाबदल करायची. पुढच्या वेळी कोड पी०३०३ आला, म्हणजे दुखणं कॉइलबरोबर गेलं, कॉइल खराब. कोड तिथेच राहिला तर कॉइल निर्दोष, प्लग किंवा इंजेक्टर बघा. एका पैशाचा खर्च नाही. चार कॉइल सरसकट बदलायला सांगणाऱ्याला हा प्रयोग केला का, एवढं विचारावं.

आणि एक गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येकाला, नव्याने लायसन्स मिळालेल्या मुलांना तर नक्कीच, सांगून ठेवा. चेक इंजिनचा दिवा स्थिर पेटला तर लवकरात लवकर दाखवायचं. तो *उघडझाप* करत असेल तर गाडी बाजूला घेऊन थांबायचं. त्याचा अर्थ सिलिंडर इतका मिसिंग करतोय की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय. शंभर डॉलरच्या कॉइलपायी दीड-दोन हजारांचा कन्व्हर्टर असाच जातो. ‘घरापर्यंत नेऊ या’ हा त्या वेळी सर्वांत महागडा विचार.

आपली रेषा कुठे आखायची हेही ठरलेलं असावं. स्कॅनर लावणं, एअर फिल्टर बघणं, थंड इंजिनावर पाइप हाताळणं, कॉइलची अदलाबदल इथवर कुणीही सावधपणे करू शकतं. गळती शोधायला चालू इंजिनावर ज्वालाग्राही स्प्रे मारून बघण्याची जुनी पद्धत मला अजिबात पटत नाही, गरम एक्झॉस्टवर तो उडाला तर आग लागते. त्यासाठी गॅरेजमध्ये धूर सोडून गळती शोधण्याचं यंत्र असतं. त्या तपासणीचे जे पैसे पडतील ते द्यावेत, आणि सेन्सरवर जुगार खेळण्यापेक्षा ते स्वस्तच पडतात. पेट्रोलचा दाब मोजणं, टाकी उतरवणं हेही त्यांचंच काम.

गॅरेजमध्ये जाताना मी आता एक कागद नेते. थंड असताना होतं की गरम झाल्यावर. निघताना की चालत्या गाडीत. पुढे, की रिव्हर्समध्येही. एसी लावल्यावर वाढतं का. टाकी भरलेली होती की तळाला गेलेली. काटा बुडतो की उडतो. दिवा कधी लागला, कोड कोणता. आठ-दहा ओळी, इंग्रजीतून. इंग्रजी बोलताना आपल्यापैकी काही जणी काउंटरवर अवघडतात, समोरचा भरभर बोलतो, आणि ‘युवर हजबंड कॅन कॉल अस’ असंही ऐकून घ्यावं लागतं. कागद पुढे केला की संभाषण बदलतं. दुसऱ्या गॅरेजमधल्या माणसाने तो वाचला, रिव्हर्सच्या ओळीशी थांबला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “हू टोल्ड यू टू चेक दॅट?” मी म्हटलं, माय अंकल. काकांना हे सांगितलं तेव्हा ते पुन्हा चहा प्यायला आले.

पाइप ऑनलाइन मागवला, ३८ डॉलरला. दोन क्लॅम्प सैल करायचे, जुना काढायचा, नवा बसवायचा. काका खुर्ची टाकून सूचना देत होते आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात होता. वीस मिनिटं लागली, त्यातली दहा क्लॅम्प नीट बसलाय का हे चाचपण्यात. पहिल्याच फेरीत शॉर्ट टर्म तीनच्या वर गेला नाही. लाँग टर्मला शहाणपण यायला दोन-तीन दिवस लागले, संगणकाची सवय मोडायला वेळ लागतो.

तपासणीची एक बाब राहिली, कारण तिथे बरेच जण अडकतात. दुरुस्तीनंतर कोड पुसून लगेच तपासणीला नेलं तर गाडी परत पाठवतात. कोड पुसताना संगणक आपल्या स्वतःच्या चाचण्यांचे निकालही पुसतो. या चाचण्या, म्हणजे ‘मॉनिटर’, पुन्हा पूर्ण व्हायला काही दिवस वेगवेगळ्या तऱ्हेने गाडी चालवावी लागते. थंड इंजिनापासून सुरुवात, थोडी शहरातली थांबा-निघा, थोडा एकसारख्या वेगाने हायवे. आमच्या राज्यात २००१ आणि नंतरच्या पेट्रोल गाड्यांना एकच मॉनिटर अपूर्ण चालतो. तुमच्या राज्याचा नियम बघून घ्या. कोणते पूर्ण झाले हे त्याच स्वस्त स्कॅनरवर दिसतं, म्हणून रांगेत उभं राहण्याआधी घरीच बघायचं. आमचे सगळे पूर्ण व्हायला अकरा दिवस लागले. टाकीच्या वाफेची चाचणी सर्वांत शेवटी झाली, तिला टाकी ना पूर्ण भरलेली चालते ना रिकामी. जूनच्या चौथ्या आठवड्यात गाडी पास झाली. सरकारी केंद्रात ही तपासणी फुकट असते, हेही नव्याने आलेल्यांना ठाऊक नसतं.

मुलीला शाळेत सोडायला मी पुन्हा रूट २७ वर डावीकडे वळते. माउंटिंग अजून बदललेलं नाही. ते मऊ आहे तोवर इंजिन झुकत राहणार आणि नव्या पाइपच्या घड्यांवरही ताण येत राहणार. दुसऱ्या गॅरेजने त्याचे ३१० डॉलर सांगितलेत. थंडीत रबर आणखी कडक होतं, तेव्हा थँक्सगिव्हिंगच्या आत ते उरकून घ्यायचं आहे. काका ऑक्टोबरात पुण्याला परतले. माउंटिंग बदलताना जुनं काढल्यावर त्याचा फोटो पाठव, असं त्यांनी विमानतळावरून बजावलं आहे.